तिकीट आणि ओले धान्य

आपल्याकडे ‘स्टॅम्प घोटाळा’ म्हटले की तेलगी प्रकरण आठवते. २००१ साली त्याला अटक झाली आणि पुढची काही वर्षे बनावट मुद्रांकांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरून गेली. आम्ही तेव्हा शाळेत शिकत होतो. आरोपीचे नाव आपल्यातले असल्याने घरातली वडीलधारी मंडळी पेपर घडी घालून बाजूला ठेवत आणि दुसरा विषय काढत, एवढे मात्र चांगले आठवते.

हा लेख त्या घोटाळ्याविषयी नाही. तिथे सरकारचा महसूल बुडाला, गुन्हा नोंदला गेला, शिक्षा झाली. योग्य काय आणि अयोग्य काय, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. आम्हाला लिहायचे आहे ते त्याहून लहान कागदाविषयी, म्हणजे पत्रावर चिकटवायच्या टपाल तिकिटाविषयी. ही तिकिटे जमवण्याचा नाद जगभर आहे आणि त्या नादावर दीडशे वर्षे एक धंदा पोसला गेला आहे. त्यातली बरीच माणसे शपथेवर सांगू शकतील की आम्ही एक अक्षरही खोटे बोललो नाही. एका प्रसंगी आम्हालाही तसे सांगता आले असते. तो प्रसंग शेवटी सांगू. बोलून दाखवले नाही, पण राहू दिले, असे खोटे हे खोट्यात धरायचे की नाही, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

आम्ही कोकणातल्या खाडीकाठच्या गावचे. इथे घरटी एखादा पुरुष बोटीवर नाहीतर आखातात असतोच. आमचे मामू अजमानला होते. सुट्टीवर येताना ते मुंबईला उतरत आणि फोर्टातल्या फूटपाथवरून आमच्यासाठी तिकिटांचे पाकीट घेत. ‘शंभर देश, शंभर तिकिटे’ असे काहीतरी त्यावर छापलेले असे. एका वर्षी त्या पाकिटात अजमानची तिकिटे निघाली. मोठमोठी, झगमगीत. चंद्रावर उतरलेले अंतराळवीर, ऑलिम्पिकमधले धावपटू, युरोपातल्या चित्रकारांची चित्रे, आणि कडेला इंग्रजी व अरबीत अजमानचे नाव. मामूंना केवढा आनंद झाला! “बघ, हे आमचं अजमान,” असे म्हणून त्यांनी ती स्वतःच्या हाताने आमच्या अल्बममध्ये लावली.

त्यात काहीतरी चुकते आहे हे आमच्या लक्षात यायला बरीच वर्षे गेली. मामू अजमानहून नानीला नियमित पत्र पाठवत. त्या प्रत्येक पत्रावर संयुक्त अरब अमिरातीचे तिकीट असे. अजमानच्या नावाचे तिकीट अजमानमध्ये राहणाऱ्या माणसाने तिथे कधी पाहिलेच नव्हते. ते त्याला मिळाले मुंबईच्या फूटपाथवर.

तिकीट म्हणजे मुळात काय, याचा विचार आम्ही तेव्हापासून करू लागलो. ६ मे १८४० रोजी ब्रिटनमध्ये ‘पेनी ब्लॅक’ हे जगातले पहिले चिकटवायचे तिकीट वापरात आले. त्याआधी टपालाचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. तिकिटाने ही रीत बदलली. पैसे आधी घ्यायचे आणि त्याची खूण म्हणून एक कपटा द्यायचा. १८५२ मध्ये सिंध प्रांतात ‘सिंध डाक’ तिकिटे निघाली, ती आशियातली पहिली. १८७४ मध्ये बर्न येथे राष्ट्रांची टपाल संघटना स्थापन झाली आणि १८७६ मध्ये हिंदुस्थान तिच्यात सामील झाला. आता रत्नागिरीत विकत घेतलेल्या तिकिटाचा मान जगाच्या दुसऱ्या टोकाचा पोस्टमनही राखू लागला. विचार केला तर केवढी मोठी गोष्ट आहे! ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याची भाषा आपल्याला येत नाही, तो आपले पत्र दारापर्यंत नेऊन देतो, कारण आपल्या सरकारने त्या कपट्यावर शब्द दिलेला आहे. आपण याला अमानत म्हणू. तिकीट ही अमानतीची पावती आहे. चित्र त्यावर नंतर आले.

परंतु या व्यवस्थेत एक फट होती. जो माणूस तिकीट विकत घेऊन अल्बममध्ये ठेवतो, तो पत्र पोचवण्याची मागणी कधीच करत नाही. त्याचे पैसे येतात, काम मात्र करावे लागत नाही. ही फट सरकारांच्याही लक्षात आली आणि व्यापाऱ्यांच्याही.

आखाताची गोष्ट आपल्या वाचकांना जवळची वाटेल. दुबईत पोस्ट ऑफिस उघडले १९०९ साली, आणि ते हिंदुस्थानच्या टपालखात्याचे होते. १९४७ पर्यंत तिथे आपलीच तिकिटे चालत. मग काही महिने पाकिस्तानची आणि १९४८ पासून ब्रिटनची तिकिटे चालू लागली. तिथल्या बाजारात रुपया चालत असल्याने ब्रिटिश तिकिटांवर काळ्या शाईत आण्या-रुपयांचा आकडा छापलेला असे. १९६०च्या दशकात ब्रिटनने टपालाचा कारभार ज्या त्या शेखांच्या हाती सोपवला. अजमान तेव्हा काही हजार वस्तीचे ठिकाण होते. मोत्यांचा धंदा केव्हाच बसला होता आणि तिजोरीत खडखडाट होता. अशा वेळी फिनबार केनी नावाचा अमेरिकेतला तिकिटांचा व्यापारी तिथे पोचला. १९६४ मध्ये त्याने अजमान आणि फुजैराच्या शासकांशी करार केले. तिकिटे छापण्याचे आणि विकण्याचे हक्क त्याच्याकडे आले, त्याबदल्यात शेखांना पैसा मिळाला.

त्यानंतर तिकिटांचा पूर आला. १९६६ मध्ये मनामाच्या नावानेही तिकिटे निघू लागली. बहरीनची राजधानी मनामा वेगळी. हे मनामा म्हणजे अजमानच्या ताब्यातले, किनाऱ्यापासून दूर आत वसलेले एक छोटे खेडे. या खेड्याच्या नावाने चंद्रयाने निघाली, ऑलिम्पिक निघाले, केनेडी आणि चर्चिल निघाले. ज्या वस्तीत अशी तसबीर कुणी घराच्या भिंतीवर लावली नसती, तिच्या नावाने युरोपियन चित्रकारांची उघडी-वाघडी चित्रेही निघाली. २ डिसेंबर १९७१ रोजी अमिरातींचा संघ झाला, पुढच्या वर्षी टपाल संघाकडे गेले, तरी जुन्या करारांचा आधार घेऊन छपाई काही काळ चालूच राहिली. संग्राहक या ढिगाला ‘वाळूच्या टेकड्या’ म्हणतात. स्टॅनली गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये यातल्या बहुतेक तिकिटांना मुख्य यादीत जागा नाही, त्यांची बोळवण परिशिष्टात केलेली आहे.

यातली पुष्कळ तिकिटे ‘वापरलेली’ म्हणून विकली गेली. वापरलेले तिकीट पाण्यात भिजवून लिफाफ्यावरून सोडवतात, त्यामुळे त्याच्या पाठीला डिंक राहत नाही. आमच्या अल्बममधली अजमानची तिकिटे आम्ही एकदा उलटी करून पाहिली. पुढे कोपऱ्यात गोल शिक्का अगदी नीटनेटका बसलेला, आणि पाठीवर डिंक जसाच्या तसा. शिक्का छापखान्यातच मारलेला होता. ते तिकीट कुठल्याही पत्रावर बसले नव्हते, कुठल्याही थैलीतून गेले नव्हते. प्रवासाला न निघताच पोचल्याची खूण त्याच्या अंगावर होती.

हा पैसा पुढे कुठपर्यंत गेला याचेही एक उदाहरण नोंदलेले आहे. प्रशांत महासागरातल्या कुक बेटांच्या तिकिटांचा व्यवहारही केनीकडेच होता. १९७८ च्या निवडणुकीत तिथल्या सत्ताधारी पक्षाने न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मतदारांना विमानाने आणून मतदान करवले, आणि त्या विमानांचा खर्च तिकिटांच्या पैशातून भागवला. कोर्टाने ती मते बाद केली आणि पंतप्रधानांची सत्ता गेली. १९७९ मध्ये केनीच्या कंपनीने अमेरिकेच्या कोर्टात लाचखोरीचा गुन्हा कबूल केला. कुठल्या तरी देशातल्या एखाद्या मुलाने खाऊचे पैसे वाचवून घेतलेले तिकीट एका बेटावर मत विकत घ्यायला उपयोगी पडले असेल, असे कुणाच्या मनात तरी आले असते का?

अजमानच्या बाबतीत निदान शेख होते आणि करार होता. त्याच्या पुढच्या पायरीवर करारही नाही. जिथे पोस्ट ऑफिसच नाही अशा जागांच्या नावाने तिकिटे निघाली. ओमानमधल्या बंडखोर प्रदेशाचे नाव घेऊन ‘धोफार’ची तिकिटे युरोपच्या बाजारात आली. आपल्या नागालँडच्या नावानेही आली. नागालँड १ डिसेंबर १९६३ पासून भारताचे राज्य आहे आणि तिथे पत्रे भारतीय टपालखातेच पोचवते. १९९१ मध्ये सोमालियातले सरकार कोसळले, टपाल बंद पडले, लोक भुकेने मरू लागले. त्यानंतरही सोमालियाचे नाव छापलेली फुलाफुलपाखरांची तिकिटे विक्रीला येतच राहिली. अफगाणिस्तानच्या वाट्यालाही हेच आले.

ही नावे एकाखाली एक लिहून पाहिली तेव्हा आम्हाला एक गोष्ट जाणवली. ब्रिटन किंवा जपानच्या नावाने असे करायला कुणी सहसा धजत नाही. तिथे टपालखाते आहे, वकील आहेत, तक्रार करायला तोंड आहे. ज्या प्रदेशाचे घर जळते आहे त्याचेच नाव फुकट वापरता येते. गरिबाची जमीन, गरिबाची मजुरी लुबाडली जाते हे आपण ऐकून आहोत. गरिबाचे नावही लुबाडता येते, हे आम्हाला तिकिटांनी शिकवले. आणि त्या यादीत मुसलमान मुलुखांची नावे किती आहेत ते पाहून मन खट्टू होते.

आता विक्रीच्या तऱ्हा पाहू. पहिली तऱ्हा मुलांसाठी. मासिकात जाहिरात येई की अमुक इतकी तिकिटे फुकट. मुलगा पत्र पाठवी. फुकटच्या तिकिटांबरोबर आणखी एक पुडके येई, ‘पसंतीसाठी’. पसंत पडले तर पैसे पाठवा, नाहीतर परत करा. परत पाठवण्याचा खर्च मुलाचा आणि घाबरणेही मुलाचेच. अनेक प्रामाणिक व्यापाऱ्यांनीही ही पद्धत वापरली आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण वाळूच्या टेकड्यांचा माल खपवायला ती फार सोयीची ठरली. दुसरी तऱ्हा प्रौढांसाठी. ‘मर्यादित आवृत्ती’, क्रमांक टाकलेले प्रमाणपत्र, मखमली डबी. प्रमाणपत्र देणारा कोण, तर विकणाराच.

तिसरी तऱ्हा सर्वांत मोठी, आणि तिथे तिकीट नुसते निमित्त असते. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी याने लोकांना सांगितले की पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देतो. आधार काय, तर आंतरराष्ट्रीय टपाल कूपन. युद्धानंतर चलन घसरलेल्या देशात ते स्वस्तात घ्यायचे आणि अमेरिकेत त्याच्या बदल्यात जास्त किमतीची तिकिटे मिळवायची. कागदावर हिशेब बरोबर होता. पण एका जाणकाराने मोजून दाखवले की त्याच्या धंद्याला सोळा कोटी कूपने लागतील, आणि प्रत्यक्षात व्यवहारात आहेत सुमारे सत्तावीस हजार. नव्या लोकांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते, एवढेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळे कोसळले.

जग यातून शिकले असे म्हणावे, तर स्पेनचे उदाहरण समोर येते. तिथे ‘अफिन्सा’ आणि ‘फोरम फिलातेलिको’ अशा दोन कंपन्या पाव शतक चालल्या. तुम्ही पैसे द्यायचे, कंपनी तुमच्या नावाने तिकिटे घेणार, ती बहुधा स्वतःच्याच तिजोरीत ठेवणार आणि ठरलेल्या मुदतीनंतर वाढीव दराने परत घेण्याची हमी देणार. किंमत ठरवणारा, विकणारा, सांभाळणारा आणि परत घेणारा एकच. ९ मे २००६ रोजी पोलिसांनी दोन्ही कंपन्यांवर छापे घातले. तिकिटांची खरी किंमत हिशेबातल्या किमतीच्या आसपासही नव्हती, आणि काही तिकिटे तर बनावट निघाली. तिकिटे पुरवणाऱ्या एकाच्या घरी नुकतेच प्लास्टर केलेल्या भिंतीआड एक कोटी युरो रोख सापडले. चार लाखांहून अधिक लोकांचे पैसे अडकले, त्यात निवृत्त म्हातारी माणसे पुष्कळ. शिक्षा झाल्या त्या २०१६ आणि २०१८ मध्ये. ‘हलाल नफा’ हे शब्द ऐकून घरातले दागिने मोडणाऱ्या आपल्या आया-बहिणींची आठवण इथे वाचकांना झाल्यावाचून राहणार नाही. नाव बदलते. तिथे तिकीट होते, इथे सोने असते.

अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते. घेणाऱ्याला लोभ नसता तर तो फसला नसता. हे अर्धे खरे आहे. स्पेनमधल्या म्हाताऱ्याने वर्षाला काही टक्के नफा मागितला, तो लोभ म्हणायचा की म्हातारपणाची तजवीज, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु आमच्या मामूंना कसला लोभ होता? त्यांना भाच्याच्या अल्बममध्ये आपले अजमान पाहायचे होते. नफ्याच्या आशेने फसणारे असतात तसे मायेने फसणारेही असतात. लोभाचा दाखला देऊन विकणारा सुटत असेल, तर मायेने फसलेल्याच्या बाबतीत त्याने काय सांगावे?

विकणाऱ्याची बाजूही ऐकू. जिनिव्हात फ्रान्स्वा फूर्निए नावाचा गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुर्मिळ तिकिटांच्या नकला बनवून विकत असे, आणि उघडपणे नकला म्हणूनच विकत असे. त्याचे म्हणणे असे की अस्सल तिकीट श्रीमंतालाच परवडते, गरीब संग्राहकाने अल्बममधली जागा रिकामी का ठेवावी? ऐकायला हे खोटे वाटत नाही. पण त्याच्याकडून नक्कल म्हणून घेतलेले तिकीट तिसऱ्या-चौथ्या हातात अस्सल म्हणून विकले जाई. १९१७ मध्ये तो वारला. पुढे जिनिव्हाच्या संग्राहक संघाने त्याचा उरलेला साठा विकत घेतला, काही नकलांवर ‘खोटे’ असा स्पष्ट शिक्का मारून ओळखीसाठी त्यांचे अल्बम केले, आणि बाकीचे नष्ट केले.

ज्याँ द स्पेराती हा त्याहून मोठा कारागीर. १९४२ साली त्याने फ्रान्सहून लिस्बनला पाठवलेले तिकिटांचे पाकीट जकात खात्याने पकडले. मौल्यवान माल चोरून बाहेर पाठवल्याचा आरोप आला. त्याने सांगितले, ही सगळी मीच बनवलेली आहेत, किंमत काही नाही. तज्ज्ञांनी तपासून सांगितले, नाही, ही अस्सल आहेत! माणूस खरे सांगत होता आणि त्याच्या हाताच्या करामतीमुळे ते कुणाला पटत नव्हते. खोट्याचा एक परिणाम असाही असतो की करणाऱ्याचे खरेही पुढे चालेनासे होते.

न सांगणे म्हणजे फसवणे का, हा वाद फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी एक प्रसंग मांडला होता. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, लोकांना नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? एका पक्षाचे म्हणणे, कायद्याने सांगायला लावलेले दोष सांगितले, खोटे बोलला नाही, एवढे पुरे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, घेणाऱ्याला जे कळणे त्याच्या हिताचे आहे ते झाकून ठेवता येणार नाही. सिसेरोने दुसऱ्या पक्षाला कौल दिला.

आपल्याकडेही हा प्रश्न धान्याच्या ढिगापाशीच उभा राहिलेला आहे. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी एका ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. पावसाचा दोष त्याच्यावर कुणी ठेवलाच नाही. त्याला विचारले गेले ते एवढेच, की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणाऱ्याचे आपल्याशी नाते नाही, असे बजावले गेले. ही हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे आणि मुलांना सांगतोही. त्या व्यापाऱ्याने धान्य कोरडे आहे असे म्हटल्याचा त्यात कुठे उल्लेख नाही. तो काहीच बोलला नव्हता. ढीग त्याच्या वतीने बोलत होता.

फिकहमध्ये यावरूनच ‘खियार-ए-ऐब’ आला. मालातला दोष नंतर कळला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क आहे. इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचा व्यापार करत. त्यांच्याविषयी सांगतात की एका कापडातला दोष गिऱ्हाइकाला दाखवायला त्यांचा भागीदार विसरला, आणि गिऱ्हाईक कोण तेही कळेना, तेव्हा त्यांनी त्या मालाचे आलेले सगळे पैसे दान करून टाकले. तोंडाने खोटे कुणीच बोलले नव्हते. एक गोष्ट सांगायची राहिली होती, इतकेच.

आता आमची गोष्ट.

आमच्या उर्दू शाळेत आम्ही तिकिटे जमवणाऱ्या मुलांचे एक मंडळ चालवतो. सहावीतला एक मुलगा एके दिवशी घरचा जुना लिफाफा घेऊन आला. त्याचे पणजोबा बोटीवर होते. लिफाफा मळका, एका बाजूने फाटलेला. त्यावर ब्रिटनच्या राणीचे चिमुकले तिकीट, वर काळ्या शाईत आण्यांचा आकडा, आणि दुबईचा शिक्का. साल १९५५. आम्ही पाहताच ओळखले. बाजारात त्याला फार मोठी किंमत आहे असे नाही. पण ते तिकीट खरोखर निघाले होते आणि खरोखर पोचले होते, आणि ते आमच्याच खाडीकाठच्या माणसाने आपल्या घरी पाठवलेले होते. आम्हाला ते हवेसे झाले.

मुलाचे डोळे आमच्या अल्बमवर होते. “सर, ते चांदवालं मला द्याल?” त्याने विचारले. आम्ही मामूंनी लावलेली अजमान-मनामाची सहा तिकिटे काढून त्याच्या हातावर ठेवली. तो उड्या मारत गेला. ती कसली तिकिटे आहेत हे आम्हाला तोपर्यंत पक्के ठाऊक झाले होते. आम्ही एक शब्दही खोटा बोललो नाही. त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. घरी येऊन लिफाफा कोऱ्या प्लॅस्टिकमध्ये ठेवताना आम्ही स्वतःला समजावले की मुलाला मोठी, रंगीत चित्रे मिळाली, तो खूश आहे, मग बिघडले कुठे? नंतर लक्षात आले की फूर्निएचे म्हणणेही याहून वेगळे नव्हते.

दोन आठवडे गेले. नैतिक शिक्षणाच्या तासाला तीच ओल्या धान्याची गोष्ट आली. आम्ही फळ्यासमोर उभे राहून ती सांगत होतो आणि तो मुलगा दुसऱ्या बाकावर बसून ऐकत होता. त्या दिवशी संध्याकाळी लिफाफा घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. दारात त्याची दादी होती. “मास्तरसाहेब, पोराने काय केलं?” असे तिने घाबरून विचारले. आम्ही म्हणालो, “त्याने नाही, आम्ही केलं आहे.”

मुलाला सगळे सांगितले. तिकीट उलटे करून डिंक दाखवला. त्याने नीट ऐकून घेतले, आणि मग हळू आवाजात म्हणाला, “पण सर, त्यातली दोन माझ्याकडे नाहीत.” मुंब्र्याच्या मामेभावाला त्याने ती एका चांगल्या बॉलच्या बदल्यात दिली होती. “तो म्हणत होता, ही खरी कशावरून? मी सांगितलं, आमच्या सरांनी दिली आहेत, म्हणजे खरीच असणार.”

स्पेनच्या कंपन्यांना प्रमाणपत्रे छापून घ्यावी लागली. आमचे प्रमाणपत्र त्या मुलाने तोंडीच दिले, आणि ते छापील कागदापेक्षा पक्के होते. आमचे मौन आमच्या हातून निघून मुंब्र्यापर्यंत पोचले होते आणि वाटेत एका मुलाला, त्याच्या नकळत, खोटे बोलायला लावून गेले होते. तौबा केली की अल्लाहचा हक्क तो माफ करील अशी आशा धरता येते. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसाचे माणसावरचे देणे, त्या माणसानेच सोडावे लागते. इथे तर ज्याचे देणे होते त्या मुंब्र्याच्या मुलाचा चेहराही आम्हाला ठाऊक नव्हता.

लिफाफा आम्ही परत केला. उरलेली चार तिकिटे परत मागितली नाहीत. “मग ही फेकून देऊ?” मुलाने विचारले. चंद्राचे चित्र त्याला अजून आवडत होते. आम्ही म्हणालो, फेकू नकोस, पण खाली लिहून ठेव. त्याने वहीच्या पानावर ती तिकिटे लावली आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने उर्दूत लिहिले की हे तिकीट टपालाचे नाही, चित्र आहे. जिनिव्हाच्या संघाने शिक्का मारून जे केले, तेच त्याने पेन्सिलीने केले. ओले धान्य वर आले. आता ती वही तो कुणालाही दाखवू शकतो, हवी तर त्यातली चित्रे देऊही शकतो.

मुंब्र्याचा पत्ता घेऊन आम्ही त्या मामेभावाला पत्र लिहिले. ती दोन तिकिटे काय आहेत ते सांगितले, चूक त्याच्या भावाची नसून आमची आहे हे सांगितले, आणि बॉलचे पैसे किंवा दुसरी तिकिटे, तो म्हणेल ते पाठवायची तयारी कळवली. मोबाईलवर एका मिनिटात झाले असते. पण हे देणे टपालानेच पाठवावे असे वाटले. लिफाफ्यावर भारतीय टपालाचे पाच रुपयांचे तिकीट लावले, गावातल्या पोस्टात जाऊन ते खिडकीत दिले आणि शिक्का पडलेला डोळ्यांनी पाहिला, मगच घरी आलो.